अपराध पोलिसांचा, भुर्दंड जनतेला

परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. त्याच्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, पोलिसांनी वस्त्यांतून धरपकड केली, आणि पकडलेल्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. अंगावरील अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू ओढवला, असे शवविच्छेदनाचा प्राथमिक अहवाल सांगत होता. मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात पोलिसांच्या अमानुष मारहाणीचा इन्कार केला आणि त्याच सुमारास मृताच्या कुटुंबाला दहा लाख रुपयांची मदत जाहीर केली. पुढे जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, तेव्हा राज्य सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलै रोजी तेथे त्याची मागणी फेटाळली गेली.

येथे कोणा पोलिसाला शिक्षा झाली नव्हती, कोणावर आरोपपत्रही ठेवले गेले नव्हते. केवळ गुन्हा नोंदवावा एवढाच प्रश्न होता, आणि तो नोंदवावा लागू नये म्हणून सरकारने आपले वकील दिल्लीला धाडले. त्यांचे शुल्कही अर्थातच जनतेच्या तिजोरीतून गेले असणार.

या साऱ्या प्रकरणात ‘मदत’ हा शब्द विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. अतिवृष्टीने पीक वाहून गेले तर सरकार मदत देते, दरड कोसळून घर गाडले गेले तर मदत देते. त्यात सरकारचा दोष नसतो, म्हणून ती मदत. देणारा दाता आणि घेणारा याचक, असे तिचे स्वरूप असते. भरपाईची गोष्ट निराळी आहे. ज्याने नुकसान केले त्याने ते भरून द्यावे, न दिल्यास नुकसान सोसणाऱ्याने न्यायालयात दावा लावून, हुकूमनामा मिळवून ते वसूल करावे, असा तो हक्क आहे. कोठडीतील मृत्यूनंतर सरकार पैसे देते, परंतु ते अतिवृष्टीच्या खात्यावर देते. आपल्या नोकराने केलेल्या कृत्याचे मोल म्हणून देत नाही. पोलिसांच्या अत्याचाराची चर्चा निघाली की आपल्याकडे निलंबनाची मागणी होते, न्यायालयीन चौकशीची मागणी होते, क्वचित फाशीचीही होते. पोलिसाविरुद्ध आणि त्याच्या धन्याविरुद्ध, म्हणजे शासनाविरुद्ध, साधा दिवाणी दावा लावण्याचा नागरिकाचा हक्क नेमका किती आणि कोठे अडतो, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो विचारावयास हवा.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सप्टेंबर १९४७ मध्ये अमृतसरच्या सराफी पेढीचा एक भागीदार सोनेचांदी विकण्यासाठी मीरतला आला होता. रात्री बाजारातून जात असता पोलिसांनी त्याला चोरीच्या मालाच्या संशयावरून पकडले आणि त्याच्याजवळचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने व दोन मणांहून अधिक चांदी जप्त केली. दुसऱ्या दिवशी त्याची सुटका झाली. काही काळाने चांदी परत मिळाली, सोने मिळाले नाही. ज्या हेड कॉन्स्टेबलच्या ताब्यात मालखाना होता तो ते सोने घेऊन पाकिस्तानात पळून गेला होता. असा मौल्यवान मुद्देमाल खजिन्यात ठेवावा असे पोलिसांचे स्वतःचेच नियम सांगत होते आणि ते कोणी पाळले नव्हते. पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर सुमारे अकरा हजार रुपयांचा दावा लावला. खालच्या न्यायालयात जिंकला, उच्च न्यायालयात हरला, आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानेही तो फेटाळला. कायद्याच्या ग्रंथांत हा ‘कस्तुरीलाल खटला’ म्हणून प्रसिद्ध आहे.

पोलिसांनी निष्काळजीपणा केला, हे न्यायालयाने मान्यच केले होते. दावा फेटाळण्याचे कारण असे दिले गेले की, अटक करणे आणि झडती घेऊन माल जप्त करणे ही राज्याची सार्वभौम कृत्ये आहेत, आणि सार्वभौम कृत्य करताना नोकराने केलेल्या चुकीबद्दल राज्याला भरपाई द्यावी लागत नाही. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६२ मध्ये, राजस्थानातील एका खटल्यात याच न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले होते. कारण तेथे दुरुस्तीहून परत आणताना कलेक्टरच्या जीपने एका पादचाऱ्याला उडवले होते, आणि जीप चालवणे हे काही सार्वभौम कृत्य नव्हे. म्हणजे सरकारी गाडीखाली सापडलेला माणूस भरपाईला पात्र, आणि सरकारी दंडुक्याखाली सापडलेला अपात्र.

या उरफाट्या न्यायाचे मूळ ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात आहे. कलकत्त्यातील खिदिरपूरच्या सरकारी गोदीजवळ मजूर एक लोखंडी तुकडा वाहून नेत असताना तो खाली पडला, त्या आवाजाने एका आगबोट कंपनीच्या गाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. कंपनीने साडेतीनशे रुपयांचा दावा लावला. १८६१ मध्ये सर बार्न्स पीकॉक यांनी तो मंजूर करताना असा भेद केला की, गोदी चालवणे हा व्यापारधंदा आहे, तो कोणीही करू शकतो, सबब सरकार जबाबदार. राजसत्तेची म्हणून जी कृत्ये असतील त्यांना मात्र हा नियम लागू नाही. तो भेद १८५८ च्या, १९१५ च्या आणि १९३५ च्या कायद्यांतून वाहत वाहत भारतीय संविधानाच्या ३०० व्या अनुच्छेदात येऊन पोहोचला. त्या अनुच्छेदाचा अर्थ असा की, संविधानापूर्वी सरकारवर जितपत दावा लावता येत होता तितपत तो आताही लावता यावा, आणि कायदेमंडळांना हवे तर त्यांनी वेगळा कायदा करावा. स्वतंत्र भारताच्या नागरिकाचा हक्क मोजावयाचा तर कंपनी सरकारची मोजपट्टी काढावी लागते. आगबोट कंपनीच्या घोड्याला न्याय मिळाला. मीरतच्या रस्त्यावर पकडलेल्या माणसाला तो मिळाला नाही.

कस्तुरीलाल खटल्याचा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. सामाजिक न्यायाची चाड असलेला न्यायाधीश अशी त्यांची ख्याती होती आणि कामगारविषयक निवाड्यांत ती त्यांनी सार्थ केली होती. हा निकाल देताना त्यांना अवघडल्यासारखे झाले असावे. कायद्याची ही स्थिती समाधानकारक नाही, इंग्लंडने १९४७ मध्ये कायदा करून राजसत्तेचे हे कवच काढून टाकले, तसा कायदा करण्याचा विचार भारतातील कायदेमंडळांनी गंभीरपणे करावा, असे त्यांनी निकालपत्रातच नमूद केले. एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने तर १९५६ मध्ये, आपल्या पहिल्याच अहवालात, हीच शिफारस केली होती. १९६५ मध्ये लोकसभेत विधेयक आले, ते व्यपगत झाले. १९६७ मध्ये पुन्हा आले, तेही व्यपगत झाले. १९७१ ते १९७७ या काळात खुद्द गजेंद्रगडकर विधी आयोगाचे अध्यक्ष होते, तरीही कायदा झाला नाही. त्यानंतर केंद्रात जवळजवळ प्रत्येक रंगाचे सरकार येऊन गेले आणि या एका बाबतीत सगळ्यांचे एकमत टिकून राहिले.

समाजवाद्यांनी या ठिकाणी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने एप्रिल १९७९ मध्ये मान्यता दिली. बेकायदा अटक झालेल्या व्यक्तीला भरपाईचा अंमलबजावणीयोग्य हक्क असेल, असे त्या कराराच्या नवव्या अनुच्छेदात म्हटले आहे. भारताने मान्यता देताना मुद्दाम लिहून ठेवले की, भारतीय कायद्यात राज्याविरुद्ध असा हक्क नाही. हे लिहिले गेले तेव्हा दिल्लीत जनता पक्षाचे सरकार होते. आणीबाणीत विनाचौकशी तुरुंगवास भोगलेले लोक त्या मंत्रिमंडळात होते. जॉर्ज फर्नांडिस होते, ज्यांच्या भावाचा बंगळूरच्या पोलिसांनी १९७६ मध्ये अनन्वित छळ केला होता. मधू दंडवते होते. बेकायदा अटकेची झळ त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती? तरीही नोकरशाहीने पुढे ठेवलेला तो कागद कोणी अडवल्याचे दिसत नाही. सत्तेवर बसल्यानंतर पोलीस आपले वाटू लागतात, हा अनुभव काँग्रेसपुरता मर्यादित नाही. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजासमाजवादी पक्षाचे सरकार असताना पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा तुरुंगात असलेल्या डॉ. राममनोहर लोहियांनी आपल्याच पक्षाच्या सरकारचा राजीनामा मागितला होता. पक्षाने तो दिला नाही. लोहिया हटवादी ठरले आणि पक्षफुटीच्या कारणांत आणखी एकाची भर पडली. त्यांचा मुद्दा मात्र साधा होता : गोळी शिपाई झाडतो, तिचे उत्तर सरकारने द्यावयाचे असते.

कायदेमंडळ ढिम्म राहिले तेव्हा न्यायालयांनी दुसरी वाट काढली. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या तुरुंगात एक कैदी ३ जून १९६८ रोजी निर्दोष ठरूनही १६ ऑक्टोबर १९८२ पर्यंत डांबून ठेवला गेला. रुदुल शाह खटल्यात १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, मूलभूत हक्काचा असा भंग झाला असता रिट अर्जावरच भरपाई देता येते, असा निर्णय दिला. आणीबाणीत नागरिकाला बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्जसुद्धा करता येत नाही, या १९७६ च्या कुप्रसिद्ध निकालावर सही करणाऱ्यांत हेच चंद्रचूड होते. तेव्हा हे परिमार्जन होते की काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. निर्णय मोठा होता. रक्कम मात्र तीस हजार रुपये, आणि सरकारने आधी दिलेले पाच हजार. हिशेब करून पाहिला तर ५,२४८ दिवसांच्या बेकायदा बंदिवासाचे मोल दिवसाला पावणेसात रुपयांहूनही कमी पडते. ही केवळ तात्पुरती मलमपट्टी आहे, पूर्ण भरपाईसाठी दिवाणी दावा लावण्याचा मार्ग मोकळा आहे, असे न्यायालय म्हणाले. पण त्याच मार्गावर कस्तुरीलालची शिळा पडलेली होती.

त्यानंतर अशा निकालांची एक परंपराच तयार झाली. १९९० मध्ये दिल्लीत पोलिसांच्या मारहाणीने मरण पावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या आईला ७५ हजार रुपये देण्यात आले. १९९३ मध्ये ओरिसातील नीलाबती बेहरा खटल्यात दीड लाख रुपये मंजूर झाले. सकाळी पोलिसांनी नेलेला बावीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी रेल्वेमार्गावर मृतावस्थेत आढळला, आणि त्याच्या आईने न्यायालयाला लिहिलेले पत्र हाच रिट अर्ज मानला गेला. या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, मूलभूत हक्कांच्या बाबतीत सार्वभौमत्वाचा बचाव चालणार नाही. डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले गेले आणि १९७९ च्या त्या आंतरराष्ट्रीय नोंदीला आता अर्थ उरला नाही, असेही सांगितले गेले. २००० च्या सुमारास तर कस्तुरीलालचा निर्णय निष्प्रभ झाल्याचे सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की, ही सारी वाट न्यायाधीशाच्या दयाबुद्धीवर चालते. रिट अर्जात साक्षीपुरावा सहसा होत नाही. पोलिसांनी घटनाच नाकारली आणि वस्तुस्थितीचा वाद उभा केला की न्यायालय म्हणू शकते, दिवाणी न्यायालयात जा. रक्कम किती याला काही माप नाही. एखाद्याला दीड लाख, एखाद्याला वीस, आणि ज्याच्यासाठी कोणी संस्था वा वकील उभा राहिला नाही त्याला काहीच नाही. शिवाय पाच न्यायाधीशांचा तो निर्णय त्याहून मोठ्या पीठाने अद्याप विधिवत रद्द केलेला नसल्यामुळे सरकारी वकिलाला तो दाखला काढायला मोकळीक राहतेच. आणि दिवाणी न्यायालयाचा उंबरठा ओलांडणे गरिबाला सोपे नाही. सरकारवर दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमान्वये दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात न्यायालयाचे शुल्क भरावे लागते. महाराष्ट्राच्या पोलीस कायद्याचे १६१ वे कलम पोलिसांविरुद्धच्या दाव्याला एरवीपेक्षा तोकडी मुदत देते. शेजाऱ्याशी बांधाचा तंटा असेल तर कायदा वर्षानुवर्षे वाट पाहतो. फौजदाराने हात मोडला असेल तर घाई करावयाची, तीही त्याच फौजदाराच्या हद्दीत राहून.

फौजदारी वाटेची कथा अधिकच सर्वश्रुत आहे. सरकारी नोकरावर खटला भरण्यास सरकारची पूर्वपरवानगी लागते. ती मिळवण्यात हयात जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २१८ व्या कलमाने १ जुलै २०२४ पासून सरकारला १२० दिवसांची मर्यादा घातली आहे आणि त्यानंतर परवानगी मिळाल्याचे गृहीत धरावे असे म्हटले आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, पण ती लागू व्हावयाला आधी तपास व्हावा लागतो, आणि तपास पोलिसांनीच करावयाचा असतो. परभणीचेच आणखी एक उदाहरण आहे. तेथील ख्वाजा युनूस या अभियंत्याला घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या संशयावरून डिसेंबर २००२ मध्ये अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये, औरंगाबादला नेत असताना जीपला अपघात होऊन तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याच्या आईने उच्च न्यायालय गाठल्यामुळे पुढचे सारे घडले. पळाल्याची कथा बनावट असल्याचा निष्कर्ष राज्याच्याच गुन्हे अन्वेषण विभागाने काढला. चार पोलिसांवर खटला उभा राहिला, इतर अनेकांवरील खटल्यास सरकारने परवानगी नाकारली, निलंबित झालेल्या चौघांना २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेतले गेले, आणि दोन दशके उलटली तरी खटला निकालापर्यंत आला नव्हता.

राहता राहिली तक्रार प्राधिकरणे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये प्रत्येक राज्यात राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने कायद्यात त्यासाठी दुरुस्ती केली ती २०१४ मध्ये, आणि करताना जिल्ह्याऐवजी विभाग केला. सिरोंच्याच्या आदिवासीने तक्रार घेऊन नागपूरकडे यावे, असा त्याचा अर्थ. प्राधिकरणाचा अहवाल सरकारकडे जातो आणि कारणे नोंदवून तो नाकारण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली आहे. राज्य मानवी हक्क आयोगाचीही शिफारसच असते. ही मंडळे निरुपयोगी आहेत असे नव्हे. एखाद्या हवालदाराला बदलीची धास्ती वाटते, एखादा जबाब कागदावर येतो, हेही काही कमी नाही. पण दोष शोधणे ही एक गोष्ट आणि नुकसान भरून देणे ही दुसरी. मेलेल्याच्या विधवेने मुलांना कसे पोसावे, या प्रश्नाला चौकशी अहवालात उत्तर नसते.

आता पैशाचा प्रश्न. भरपाई मिळाली असे धरून चालू. ती कोण देतो?

अर्थशास्त्रात ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेला एक विचार सर्वांना परिचित आहे. कारखान्याच्या धुराचा खर्च भोवतालच्या वस्तीला सोसावा लागतो, मालकाच्या हिशेबवहीत तो येत नाही, म्हणून तो वाजवीपेक्षा अधिक धूर सोडतो. तो खर्च त्याच्या वहीत आणला तरच धूर कमी होईल. पोलीस ठाण्यातील मारहाणीचेही गणित असेच आहे. कबुलीजबाब लवकर मिळतो, गुन्हा उकलल्याची नोंद होते, वरिष्ठ पाठ थोपटतात. हा सारा लाभ ठाण्याच्या पदरात पडतो. मोडलेल्या हाडांचा खर्च पडतो तो आरोपीच्या घरावर, आणि क्वचित न्यायालयाने भरपाई दिलीच तर सर्वसाधारण तिजोरीवर. म्हणजे मीठमिरचीवर कर भरणाऱ्या त्याच गरिबांवर. दिल्लीच्या १९९० च्या त्या खटल्यात, दिलेली रक्कम दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करण्यास सरकार मोकळे आहे, असे न्यायालयाने म्हटले होते. अशा वसुलीची बातमी वाचल्याचे किती जणांना आठवते?

दाव्याची वाट पूर्ण मोकळी असली तरी एवढ्याने काम भागत नाही, हे अमेरिकेवरून दिसते. तेथे १८७१ च्या एका कायद्याचा आधार घेऊन नागरिक पोलिसाला थेट संघराज्याच्या न्यायालयात खेचू शकतो. शिकागोच्या पोलिसांनी १९५८ मध्ये एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात पहाटे घुसून त्यांना विवस्त्र उभे केले, त्या प्रकरणी १९६१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही वाट खुली केली. पुढे त्याच न्यायालयाने अधिकाऱ्यांना एक मर्यादित संरक्षण देऊन ती बरीचशी अरुंदही केली. तरीही रकमा डोळे दिपवणाऱ्या असतात. जॉर्ज फ्लॉईडच्या कुटुंबाला मिनियापोलिस शहराने मार्च २०२१ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलर दिले. पण दिले कोणी? शहराने. जोआना श्वार्ट्झ या विधिप्राध्यापिकेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, वादींना मिळालेल्या एकूण रकमेपैकी पोलिसांनी स्वतःच्या खिशातून दिलेला वाटा अवघा ०.०२ टक्के होता. अनेक शहरांत ही रक्कम पोलीस खात्याच्या अंदाजपत्रकातूनही कापली जात नाही. खात्याला तिची झळ नाही, मग धडा कोण घेणार? उलट विमा घेणाऱ्या काही लहान गावांचा अनुभव मजेदार आहे. तेथे विमा कंपनी अट घालते : शिपायांना शिक्षण द्या, बळ वापरण्याचे नियम बदला, नाहीतर हप्ता वाढेल. कॅलिफोर्नियातील मेवूड गावाचा विमा गेला तेव्हा २०१० मध्ये त्या गावाला आपले पोलीस दलच बरखास्त करावे लागले. नागरिकांच्या ओरडीने जे झाले नाही ते विम्याच्या हिशेबनिसाने केले. भांडवलशाहीचा हा विनोद समाजवाद्यांनी हसण्यावारी नेऊ नये. जबाबदारी खिशाला भिडली की संस्था बदलतात, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

यावर आक्षेप येईल, आणि तो समाजवादी गोटातूनच यावयास हवा. पोलीस शिपाई हा कष्टकरी आहे. बारा बारा तास बंदोबस्ताला उभा राहतो, गळक्या चाळीत राहतो, सणावाराला घरी नसतो. मुंबईच्या पोलिसांनी ऑगस्ट १९८२ मध्ये उठाव केला तेव्हा सरकारने लष्कर बोलावले आणि त्यांची संघटना मोडून काढली. अशा माणसाच्या पगारातून लाखो रुपये कापावयाचे, आणि ज्याच्या तोंडी हुकमावरून त्याने काठी उचलली तो अधिकारी बढती घेऊन मोकळा, हा कोणता न्याय? आक्षेप खरा आहे. म्हणूनच दाव्याचा पहिला प्रतिवादी राज्यच असले पाहिजे. पीडिताला पूर्ण रक्कम राज्याने द्यावी. शिपायाचा पगार किती, यावर पीडिताच्या पदरात काय पडावे हे ठरू नये. त्यानंतर राज्याने वसुली करावी ती चढत्या श्रेणीने. ठाण्याचा प्रभारी अधिकारी, उपअधीक्षक, अधीक्षक यांनी माहीत असून डोळेझाक केली वा माहीत करून घेण्याचे टाळले, तर पगार जितका मोठा तितका वाटा मोठा. बेकायदा हुकूम नाकारणाऱ्या शिपायाला कायद्याचे संरक्षण हवे आणि आपले म्हणणे मांडावयास संघटनाही हवी. जो स्वतः हक्कहीन आहे तो दुसऱ्याच्या हक्काची बूज राखील, ही अपेक्षा फार झाली.

पोलिसांचे मनोधैर्य खचेल, हा दुसरा आक्षेप नेहमीचाच आहे आणि त्याचा फार विचार करण्याचे कारण नाही. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा दावा लावता येतो म्हणून शस्त्रक्रिया बंद पडल्या नाहीत.

कायद्यात काय हवे हे नव्याने शोधण्याचीही गरज नाही. कोठडीत असताना माणसाला इजा झाली, तर ती पोलिसांनी केली असे न्यायालयाने गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे पोलिसांनी सिद्ध करावे, अशी तरतूद विधी आयोगाने आपल्या ११३ व्या अहवालात १९८५ मध्येच सुचवली होती. बंद खोलीत काय झाले याचा साक्षीदार आरोपीची आई कोठून आणणार? २०२३ मध्ये पुराव्याचा कायदा आमूलाग्र नवा केल्याचा गाजावाजा झाला, त्यात ही तरतूद नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने संमत केलेले छळप्रतिबंधक विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि पुढे व्यपगत झाले. २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालासोबत नवा मसुदाही जोडून दिला, त्यावर धूळ साचली आहे.

दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईने मात्र सुटू नये. दिवाणी अपकृत्ये हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आठव्या क्रमांकावर आहे, आणि ३०० वा अनुच्छेद राज्य विधिमंडळालाही कायदा करण्याची मोकळीक देतो. पोलीस तर राज्याच्याच सूचीतला विषय. पोलिसांच्या बेकायदा कृत्याबद्दल राज्य भरपाईला बांधील राहील, अशा दाव्यांना न्यायालयीन शुल्क नाही, दोन महिन्यांची नोटीस नाही आणि तोकडी मुदतही नाही, दिलेल्या रकमेची वसुली वर सांगितल्याप्रमाणे होईल, आणि वर्षभरात किती भरपाई दिली व किती वसूल झाली याचे जिल्हावार विवरण गृहखात्याच्या अनुदानाच्या मागण्यांबरोबर सभागृहापुढे येईल, एवढा मजकूर चार-पाच पानांत मावेल. शुल्क आणि वसुलीच्या बाबी राज्याच्या हातात आहेत. नोटिशीच्या ८० व्या कलमासाठी कदाचित राष्ट्रपतींची संमती लागेल, तीही मागता येते. सरकार असे विधेयक आणणार नाही हे उघड आहे. विरोधी बाकांवरच्या, परभणीच्या घटनेवर सभात्याग करणाऱ्या आमदारांपैकी एकाने ते अशासकीय विधेयक म्हणून मांडावे. कोणकोणते पक्ष त्याच्या बाजूने हात वर करतात, हे कामकाजाच्या वृत्तांतात नोंदले जाईल.